स्तनपानाचे शिक्षण : वर्गात, वस्तीवर आणि प्रसूतिकक्षात

जमाखर्चाची पत्रके, शस्त्रक्रियांची संख्या आणि देणगीदारांची यादी यांच्या जोडीला आरोग्याच्या एखाद्या विषयाचा थोडा विस्ताराने परिचय करून द्यावा, असा प्रघात आम्ही या अहवालात पाळत आलो आहोत. या वर्षी त्यासाठी स्तनपानाच्या शिक्षणाचा विषय घेतला आहे. विषय ऐकून काही हितचिंतकांनी सौम्य आश्चर्य व्यक्त केले. डायलिसिसच्या यंत्राविषयी किंवा अतिदक्षता विभागाविषयी लिहिले असते, तर ते कोणासही वावगे वाटले नसते. आईने बाळाला पाजणे ही तर निसर्गानेच शिकवलेली गोष्ट. तिचे शिक्षण ते काय द्यायचे, आणि त्यासाठी विश्वस्त निधीतील पैसा का खर्चायचा, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांच्या देणगीवर हे रुग्णालय उभे आहे त्यांना त्याचे उत्तर मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

उत्तराची सुरुवात आम्ही आकड्यांपासून करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, देशातील ७८.९ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत होत होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. सुमारे दहा टक्क्यांची ही वाढ अभिमानास्पद आहे. परंतु जन्मानंतर एका तासाच्या आत अंगावर घेतलेल्या बालकांचे प्रमाण चौथ्या फेरीत ४१.६ टक्के होते, ते पाचव्या फेरीत ४१.८ टक्के झाले. म्हणजे जवळजवळ होते तेथेच राहिले. बाळंतीण घर सोडून रुग्णालयात आली, डॉक्टर आणि परिचारिका तिच्या उशापायथ्याशी उभ्या राहिल्या, तरी पहिल्या तासाचे काम झाले नाही. ताळेबंदात अशी तफावत आढळली असती तर आम्ही हिशेबनिसास बोलावून खुलासा मागितला असता.

याच दोन फेऱ्यांमधील दुसरा आकडा मात्र दिलासा देणारा आहे. सहा महिन्यांच्या आतील बालकांमध्ये निव्वळ स्तनपानाचे, म्हणजे आईच्या दुधाखेरीज पाणीही न देण्याचे प्रमाण ५४.९ टक्क्यांवरून ६३.७ टक्क्यांपर्यंत वाढले. हे काम घरी होते, आणि घरी जाऊन शिकवणाऱ्या स्त्रिया म्हणजे आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका. या सुधारणेस इतरही कारणे असतील; तरी जेथे कोणी वेळ काढून शिकवते तेथे फरक पडतो, असे मानण्यास येथे जागा आहे.

आता 'निसर्गाने शिकवलेली गोष्ट' या आक्षेपाकडे वळू. तो अर्धा खरा आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला कोरडे करून आईच्या पोटावर उघडेच पालथे ठेवले, तर ते हातपाय हलवीत, वास घेत स्वतः स्तनापर्यंत सरकते आणि तासाभरात चोखू लागते. स्वीडनमधील संशोधकांनी १९८७ साली याचे शास्त्रीय वर्णन केले. बाळाला हे उपजत येते. आईला मात्र ते पाहून शिकावे लागते, आणि पाहण्याची सोय आता राहिलेली नाही. पूर्वीच्या मोठ्या कुटुंबात मुलगी वयात येईपर्यंत तिने माजघरात काकू, आत्या, थोरली बहीण यांना बाळ पाजताना शेकडो वेळा पाहिलेले असे. बाळ कसे धरायचे, रडले तर कोणत्या कुशीवर घ्यायचे, दूध दाटले तर काय करायचे, हे तिला कोणी निराळे सांगितलेले नसे. आज दोन खोल्यांच्या घरात वाढलेली, उत्तम शिकलेली मुलगी आपल्या आयुष्यातील पहिले तान्हे बाळ हातात घेते ते स्वतःचेच. तेही टाक्यांच्या वेदना सोसत, अपुऱ्या झोपेत आणि भेटीस आलेल्या दहा माणसांच्या दहा सल्ल्यांच्या गलक्यात. शिकण्यासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. म्हणूनच हे शिक्षण प्रसूतिकक्षाच्या दारापर्यंत ढकलत न आणता त्याच्या कितीतरी आधी सुरू व्हावे, असे आमचे मत आहे.

शिकवायचे तरी काय? 'आईचे दूध अमृत' हे वाक्य भिंतीवर रंगवून कोणास काही येत नाही. शिकवण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. पण त्या नेमक्या आहेत.

पहिली गोष्ट चिकाची. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे पिवळसर, दाट दूध अनेक घरांत अजूनही 'जड' किंवा 'खराब' म्हणून पिळून टाकले जाते, आणि त्याऐवजी बाळाला मध, गूळपाणी किंवा गुटी चाटवली जाते. आमच्या परिचारिका याविषयी वाद घालीत नाहीत. त्या गोठ्यातील उदाहरण देतात. गाय व्याली की पहिला चीक वासराला पाजल्याशिवाय शेतकरी स्वस्थ बसत नाही, कारण चीक न मिळालेले वासरू टिकत नाही हे त्याला ठाऊक असते. आणि उरलेल्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. गाईचा चीक इतका मोलाचा, तर बाळाचा चीक मोरीत का जावा, हा प्रश्न कानावर पडला की ओसरीवर बसलेल्या आजीबाईही क्षणभर गप्प होतात. मानवी बाळाला काही संरक्षण गर्भातच नाळेवाटे मिळते, वासराला तसे मिळत नाही, एवढा भेद अर्थातच आहे. परंतु आतड्याचे आणि श्वसनमार्गाचे रक्षण करणारी प्रतिद्रव्ये चिकातूनच मिळतात. चीक चमच्या-दोन चमच्यांएवढाच निघतो, आणि नवजात बाळाला तेवढाच लागतो. 'दूधच नाही' ही पहिल्या दिवसाची तक्रार बहुतेक वेळा या प्रमाणाच्या अज्ञानातून येते. मधाविषयी एवढेच सांगतो की, वर्षाच्या आतील बाळास तो देणे सुरक्षित नाही.

दुसरी गोष्ट बाळ अंगाला लावण्याची, आणि सर्वांत अधिक वेळ द्यावा लागतो तो येथेच. बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा, आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग ओठांच्या खालच्यापेक्षा वरच्या बाजूस अधिक दिसावा. या चार खुणा आहेत. बाळाने केवळ बोंडशी तोंडात धरली तर त्याला दूध मिळत नाही, आईला भेगा पडतात, वेदनेमुळे ती पाजणे टाळते, दूध साचते आणि मग कमी होऊ लागते. दूध 'आटल्याची' पुष्कळशी कहाणी अशी चुकीच्या धरण्यापासून सुरू होते, आणि दोष मात्र आईच्या प्रकृतीवर, तिच्या खाण्यावर किंवा कोणाच्या दृष्टीवर जातो. विहिरीच्या काठावर बसून पोहणे शिकता येत नाही, तसेच हेही तक्ता पाहून येत नाही. त्यासाठी आम्ही कापडाचा शिवलेला स्तन आणि नवजात बाळाच्या आकाराची बाहुली वापरतो. प्रत्येकीने, आणि प्रत्येकाने, बाहुली हातात घ्यायची असा नियम आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. आमच्या भागातील उन्हाळा पाहता तान्ह्याला घोटभर पाणी न देणे हे क्रौर्य वाटते. परंतु आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. बाळाला अधिक तहान लागली तर ते अधिक वेळा पिते. वरून दिलेले पाणी पोट भरते, भूक मारते आणि हगवणीचे जंतू आणते. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवायचे नसते. पहिला आठवडा सरल्यावर दिवसरात्रीत सहा वा अधिक वेळा लघवी आणि वाढते वजन, हा त्याचा पुरावा. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांस आमची काहीच हरकत नाही, बाळंतिणीला चार घास चांगले मिळावेत. मात्र दूध वाढते ते मुख्यतः बाळाने वारंवार, विशेषतः रात्री, पिण्याने.

शाळांचे काम आम्ही आठवी-नववीपासून सुरू केले. आरंभी एका शाळेत मुलींचाच वर्ग ठेवावा, मुलांना मैदानावर पाठवावे, असा आग्रह झाला. आम्ही नम्रपणे नकार दिला. विज्ञानाच्या पुस्तकात प्रत्येक मुलगा 'सस्तन प्राणी' हा शब्द लिहून गुण मिळवतो. त्या शब्दाचा अर्थच 'स्तन असलेला' असा आहे. लिनियस याने १७५८ साली या वर्गास नाव दिले तेही याच लक्षणावरून. देवमासा, वटवाघूळ, गाय आणि माणूस यांना एका ओळीत आणणारी गोष्ट फळ्यावर लिहिण्यास लाज नसेल, तर समजून घेण्यासही नसावी. शिवाय पुढे घरात डबा आणायचा की नाही, आईला विश्रांती द्यायची की नाही, रात्री उठून बाळाची दुपटी बदलायची की नाही, हे ठरवणाऱ्यांत हा मुलगाच असणार आहे.

तासाची मांडणी साधी आहे. पहिली दहा मिनिटे हसण्यात जातात. परिचारिका ती जाऊ देतात. मग हिरकणीची गोष्ट निघते. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर कडा उतरून गेलेली गवळण मराठी मुलांना लहानपणापासून माहीत असते. कड्याची उंची आणि तिचे धाडस सर्वांना आठवते. ती का उतरली, असे विचारले की वर्ग थबकतो आणि मग कोणीतरी सांगतो, 'बाळ भुकेलं होतं.' एसटीच्या स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' ही पाटी या मुलांनी पाहिलेली असते. ती कशासाठी आहे, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

तासाच्या शेवटी निनावी चिठ्ठ्या घेतल्या जातात. जुळ्यांना दूध पुरते का, आईला ताप असेल तर पाजावे का, असे प्रश्न नेहमीचे. (पुरते, आणि साध्या तापात पाजावे.) एका चिठ्ठीत मात्र असे होते की, वहिनीला दूध येत नाही म्हणून घरात रोज भांडण होते, तर मी काय करू. चिठ्ठी निनावी असल्याने आम्ही उत्तर सर्व वर्गासच दिले. वहिनीला भांडणाची नव्हे तर विश्रांतीची आणि मदतीची गरज आहे. चिंतेने पान्हा अडखळतो, हे वैद्यकीय सत्य आहे. आणि प्रसूतिपश्चात बाह्यरुग्ण विभागात केसपेपरशिवायही तिला येता येईल. त्या आठवड्यात त्या गावाहून दोन नणंदा आपापल्या वहिनींना घेऊन आल्या. चिठ्ठी कोणाची होती हे आम्ही विचारले नाही.

वस्तीवरील शिक्षणाचे मोल ज्या अभ्यासाने आम्हाला पटले, तो हरियाणातील आहे. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आठ ग्रामीण समूह घेतले होते. त्यांपैकी निम्म्यांत अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि दाया यांना शिकवून लसीकरण, वजन आणि गृहभेट अशा प्रत्येक प्रसंगी त्यांनी निव्वळ स्तनपानाविषयी बोलावे, अशी योजना केली. तीन महिन्यांच्या वयास निव्वळ स्तनपान तेथे ७९ टक्के आढळले, उरलेल्या समूहांत ४८ टक्के. आणि अतिसारही कमी झाला. नवे दवाखाने नाहीत, नवी पदे नाहीत. जी माणसे गावात होतीच त्यांनाच शिकवले होते. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांचे मृत्यू कसे कमी केले, हे १९९९ पासून जगापुढे आहे. आज आशा कार्यकर्तीने रुग्णालयातील प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांत सहा गृहभेटी द्याव्यात, ही पद्धती त्याच वाटेने आली. आमचे काम त्या भेटींना पूरक व्हावे एवढेच आहे. त्यासाठी आम्ही आशाताईंबरोबर सासूबाईंचीही बैठक घेतो, कारण घरातील निर्णय तेथे होतो. सून रुग्णालयात शिकून गेली आणि सासू घरी शिकलेली नसेल, तर तिसऱ्या दिवशी गुटीची सहाण निघतेच.

येथे एक प्रसंग नोंदवणे आम्हाला आवश्यक वाटते. आमचा परिसर उसाचा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि कारखान्याच्या आवारात कोप्या पडतात. एका हंगामात तीन महिन्यांची मुलगी हगवणीने कोमेजलेल्या अवस्थेत आमच्याकडे आली. आई पहाटे फडावर जाई. मागे बाळाला सांभाळी ती अकरा वर्षांची थोरली बहीण. डब्यातील भुकटी महिनाभर पुरावी म्हणून ती एका चमच्यात दोन बाटल्या पाणी मिसळत होती. कोणी तसे सांगितले नव्हते. काटकसर तिला स्वतःलाच सुचली होती. बाळ वाचले. आईचे आटत आलेले दूध पुन्हा आणण्यासाठी परिचारिकांना जवळजवळ तीन आठवडे झटावे लागले, आणि तेवढ्या दिवसांच्या खाड्यांचे पैसे मुकादमाने उचलीत धरले. या कुटुंबात शिकवायला हवे होते कोणाला? आईला बाळ पाजता येत होते. शिकायला हवे होते त्या अकरा वर्षांच्या मुलीने, आणि तिच्यापर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते.

तेव्हापासून आमच्या परिचारिका साखरशाळेतही जातात. तेथील धडा निराळा असतो: बाळाला बाटली न देता फडाच्या बांधावर आईकडे कसे न्यायचे, आईने पहाटे काढून ठेवलेले दूध झाकून, सावलीत, चार तासांच्या आत वाटी-चमच्याने कसे पाजायचे, उन्हातून आलेल्या आईचे दूध 'तापलेले' नसते, ते पिळून टाकू नये. आठ-दहा वर्षांच्या मुलींना हे शिकवताना मनाला बरे वाटत नाही. त्यांनी स्वतः खेळावे, शिकावे अशा वयात त्या बाळ सांभाळतात. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे निव्वळ स्तनपानाच्या सहा महिन्यांशी ती बरोबर जुळली. पण कोयता हाती घेतलेल्या आईच्या वाट्याला ती येत नाही. आमच्या कापडी बाहुलीने हा प्रश्न सुटणार नाही, हे आम्ही जाणतो.

प्रसूतिकक्षाविषयी थोडक्यात. शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकावे, म्हणून परिचारिका, आया आणि वॉर्डबॉय या सर्वांचे वर्ग दरवर्षी होतात. शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीतही भूल परवानगी देईल तितक्या लवकर बाळ आईच्या छातीशी दिले जाते. रात्रपाळीत एक तरी प्रशिक्षित परिचारिका असावी, यासाठी वेळापत्रक बदलले, कारण धीर सुटतो तो रात्री दोन वाजता. ज्या मातेला वैद्यकीय कारणाने पाजता येत नाही, तिला कोणीही अपराधी वाटेल असे बोलू नये, ही सक्त सूचना आहे. तिच्या बाळासाठी पर्यायी दूध डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले जाते, आणि ते कसे तयार करायचे हे तिला एकटीला बसवून शिकवले जाते.

देणगीदारांसाठी आणखी एक बाब. शिशुआहार बनवणाऱ्या कंपन्यांकडून तक्ते, घड्याळे, वजनकाटे वा चर्चासत्राचा खर्च आम्ही स्वीकारत नाही. १९९२ चा शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा कायदा आणि त्यातील २००३ ची दुरुस्ती यांनी असे लाभ आरोग्यसेवकांना देण्यास मनाई केली आहे. शिवाय अर्भकांच्या आहाराविषयी शैक्षणिक साहित्य काढताना स्तनपानाचे श्रेष्ठत्व आणि बाटलीचे धोके स्पष्ट लिहिले पाहिजेत, असेही तो सांगतो. १९९१ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या भारतीय स्तनपान प्रोत्साहन जाळ्याचे धोरणही असेच आहे. त्यामुळे या शिक्षणाचा खर्च आपल्या देणगीतूनच होतो. तो मोठा नाही: कापड, कापूस, तक्त्याचा कागद, एसटीचे भाडे आणि परिचारिकांचा वेळ. यांपैकी शेवटची बाब सर्वांत महाग आहे आणि ती कोणत्याही पत्रकात दिसत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह असतो. १९९९ आणि २०२२ या दोन्ही वर्षी त्याचा विषय शिक्षणाशीच निगडित होता. रांगोळी आणि घोषवाक्य स्पर्धांना आमचा विरोध नाही. परंतु शाळांनी तेवढ्यावर भागवू नये. ज्या मुख्याध्यापकांना आठवी-नववीसाठी तास हवा असेल त्यांनी जूनअखेरपर्यंत कळवावे, कारण जुलैत परिचारिकांच्या पाळ्या ठरतात. साखरशाळेतील वर्ग दिवाळीनंतर सुरू होतील. त्यासाठी चार बाहुल्या आणि तितकेच कापडी नमुने कमी पडत आहेत. शिवणकाम येणाऱ्या भगिनींनी दुपारी तीन ते पाच या वेळेत प्रसूतिकक्षाच्या मुख्य परिचारिकांकडे येऊन नमुना पाहावा. कापड आणि कापूस रुग्णालयातून मिळेल.